मास्तरणीचं दुखणं

टेकडीवरच्या त्या वस्तीत चाकाचं काही चालत नसे. खाली डांबरी रस्ता संपला की पायऱ्या सुरू व्हायच्या, त्या घराघरांना वळसे घालत थेट वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायच्या. कुणाला घर बांधायचं असलं, एखादी भिंत वाढवायची असली, की वाळू, विटा, सिमेंट सगळं गाढवाच्या पाठीवर लादून पायऱ्यांनीच वर न्यावं लागे. हे काम वीस वर्षं उस्तादाकडे होतं. उस्ताद हे त्याचं खरं नाव नव्हे, पण कोणत्या वळणावर किती ओझं घेऊन कसं वळायचं, हे त्याच्याइतकं कुणालाच जमत नसल्यामुळे ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. त्याची बायको ओघानंच सगळ्या वस्तीची वहिनी झाली.

दोन वर्षांपूर्वी सिमेंटचं पोतं उचलताना उस्तादाच्या कमरेत कट्कन काहीतरी झालं आणि तो जागच्या जागी खाली बसला. पुढचे तीन महिने अंथरुणात गेले. डॉक्टरांनी ओझं कायमचं बंद केलं, कमरेला पट्टा बांधला. मग घरातली चूल, धुणंभांडी उस्तादाकडे आली आणि गाढवीचा दोर वहिनीच्या हातात गेला. कुणी ठरवून केलं नाही. एका सकाळी वाळूचा ट्रक येऊन उभा राहिला, तेव्हा दोर हातात घ्यायला दुसरं होतं कोण?

गाढवीला सगळे मास्तरीण म्हणायचे. राखाडी रंग, नाकाशी पांढरी, आणि नजर अशी की वाटेत कुणी आडवं आलं तर ती थांबून त्याच्याकडे बघत राही. त्या माणसाला आपण अभ्यास न करताच वर्गात आलोय असं वाटून तो मुकाट बाजूला होई. कामाला ती चोख होती. वहिनीशी मात्र तिचं पहिल्यांदा जमेना. महिनाभर दोघींची रस्सीखेच चालली, आणि मग कधीतरी दोघींनीही हट्ट सोडला.

एक गोष्ट मात्र वहिनीनं आपल्या पद्धतीनं बदलली होती. तिसऱ्या वळणावर निळ्या दाराचं एक घर होतं. मास्तरणीला नेमकी तिथेच थांबायची सवय होती. चढ संपून दहा पावलं सपाट जागा मिळायची, ती पाय फाकवून मोकळी व्हायची. उस्ताद होता तेव्हा कुणी काही बोललं नाही. वहिनी आल्यावर पहिल्याच आठवड्यात निळ्या दाराच्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हे काय मुतारी आहे का? आमच्या दारात वास येतो. गाढवाला वळण लावता येत नसेल तर धंदा बंद करा."

वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून तिनं मास्तरणीला निघताना पाणी पाजणं बंद केलं. पहाटे अर्धी बादली, की मग दुपारी काम आटोपून घरी आल्यावर. आणि तिसऱ्या वळणावर मास्तरीण थांबली की ती दोर ओढायची. "चल, चल, इथे नाही." हळूहळू गाढवीनं तिथे थांबणं सोडून दिलं. वहिनीला वाटलं, जमलं.

गेल्या दोन महिन्यांत मास्तरणीचं काहीतरी बिघडलं. वीस-तीस पायऱ्या चढली की ती थांबायची, मागचे पाय फाकवायची, शेपूट उचलून कुंथायची, आणि थेंब-दोन थेंब पडायचे. तेवढ्यावरही ती तशीच उभी राहायची, जणू अजून काही यायचं बाकी आहे. मागच्या मांड्यांच्या आतले केस झडले, तिथली कातडी लाल झाली. खाली ट्रकवरचे हमाल म्हणाले, माजावर आली असेल. वरच्या बायका म्हणाल्या, कामचुकारपणा, दुसरं काय. खरं सांगायचं तर पहिले आठ दिवस वहिनीलाही ती नाटकंच वाटली. मग एका सकाळी पायरीवरचे थेंब लालसर दिसले आणि तिनं तिथूनच गाढवी मागे वळवली.

जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांनी पाच दिवस इंजेक्शनं दिली. गाढवी सुधारली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा चार दिवसांचा आराम, पुन्हा थेंब. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी डोकं खाजवलं आणि चिठ्ठी लिहून दिली. "वरवरची औषधं करून भागणार नाही. मोठ्या दवाखान्यात न्या. दुर्बीण घालून आतून बघायला हवं."

उस्तादानं चिठ्ठी दोनदा वाचली. "दुर्बीण लांबचं बघायला असते असं मी समजत होतो."

"तुम्हाला सगळ्यात थट्टा सुचते," वहिनी म्हणाली.

"थट्टा नाही केली तर रडू येईल, म्हणून करतो," तो म्हणाला आणि पट्टा बांधायला उठला. तो येणारच होता. मोठा दवाखाना तासभराच्या चालीवर होता, आणि वहिनीनं कितीही नको म्हटलं तरी तो ऐकणार नव्हता. मास्तरणीनं त्याला चपला घालताना पाहिलं आणि कान ताठ करून अशी ओरडली की शेजारच्या घरातलं बाळ जागं झालं. वाटभर ती त्याच्या खांद्याला नाक लावून चालली. वहिनी दोर धरून पुढे होती. दोन वर्षं मी राबते हिच्याबरोबर, तिला वाटलं, आणि लाड मात्र ह्यांचे. तिला त्याचा राग आला नाही, पण मनाला लागलं जरासं.

दवाखान्यातली ती खोली फरशीची होती, मधोमध पाणी जायला नाली, एका बाजूला लोखंडी नळ्यांचा कठडा, ज्यात जनावर उभं करायचं. जमिनीवर काळं रबर अंथरलेलं, आणि चाकाच्या टेबलावर एक टीव्ही. डॉक्टरबाई पन्नाशीच्या असाव्यात. गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा. त्यांनी आधी मास्तरणीला हुंगू दिलं, मग डोळ्याच्या पापण्या पाहिल्या, पोटाला कान लावला, मांड्यांची लाल कातडी बोटानं हलकेच चाचपली. गाढवी जागची हलली नाही.

"दुखत नाही वाटतं तिला," उस्ताद म्हणाला.

"दुखतंय, चांगलंच दुखतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घोडा असता तर एव्हाना त्यानं मला लाथ घातली असती. गाढव दाखवत नाही. म्हणून तर ती उशिरा येतात आमच्याकडे."

वहिनीनं मास्तरणीच्या मानेवर हात ठेवला.

मानेत एक इंजेक्शन दिल्यावर पाचेक मिनिटांत मास्तरणीचं डोकं खाली आलं, खालचा ओठ लोंबायला लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचा करारीपणा गेला. उस्तादानं तिचं डोकं आपल्या छातीशी धरलं. म्हाताऱ्या कंपाउंडरनं शेपटीला पट्टी गुंडाळून ती एका बाजूला बांधली आणि कोमट औषधी पाण्यानं मागची सगळी जागा धुतली. एकदा, दोनदा, तीनदा.

"एवढं धुणं माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा झालं नव्हतं," तो पुटपुटला.

डॉक्टरबाईंनी नवे हातमोजे घातले आणि कंपाउंडरनं बंद पिशवीतून ती दुर्बीण काढली. वहिनीला वाटलं होतं काहीतरी भलंमोठं लोखंडी असेल. निघाली ती एक लांब काळी नळी, करंगळीएवढी जाड, टोकाला मिणमिणता दिवा.

"मादीचा मार्ग आखूड असतो आणि रुंद," डॉक्टरबाई काम करता करता सांगत होत्या, बाजारात भाजी निवडताना बोलतात तशा. "त्यामुळे आत जाणं सोपं. नराचं असतं तर अर्धा तास इथेच गेला असता. या, तुम्हीही या इकडे. टीव्हीकडे बघा."

वहिनी पुढे झाली. पडद्यावर आधी नुसता अंधार होता, मग एक गुलाबी बोळ दिसायला लागला, भिंती दोन्ही बाजूंनी सरकत होत्या. मग बोळ संपला आणि पुढे सगळं चिकटल्यासारखं, गुंडाळलेलं. डॉक्टरबाईंनी बोटानं एक कळ दाबली, नळीतून हवा आत गेली आणि ते गुंडाळलेलं हळूहळू उलगडत गेलं. पिशवीत फुंकर मारल्यावर ती फुगते ना, तसं. पडद्यावर एक पूर्ण खोली उघडली.

"हे मूत्राशय," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि नळी हळूहळू चहूकडे फिरवू लागल्या.

ती खोली लाल होती. सगळीकडे सारखी नव्हे. वरच्या बाजूला कुठेकुठे फिकट गुलाबी, चकचकीत, बारीक शिरा दिसत होत्या, पण खाली आणि बाजूंना मखमलीसारखी सुजलेली, मधे मधे रक्ताचे ठिपके, आणि पिवळट पापुद्रे लोंबत होते. सगळ्यात तळाला चिखल होता. अगदी चिखलच. वाळूच्या ढिगाखाली पाणी साठून जो गाळ बसतो, तसा. दोन वर्षं वाळू वाहणाऱ्या वहिनीला तो ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही.

"वाळू?" ती घाबरून म्हणाली. "वाळू गेली का हिच्या पोटात?"

"नाही, नाही. तिचा तिनंच तयार केलेला गाळ आहे. गाढवाची लघवी मुळातच गढूळ असते, तिच्यात चुना असतो. वेळच्या वेळी बाहेर पडली तर काही बिघडत नाही. साचून राहिली तर तळाला बसतो, आणि मग भिंतींना खरवडत राहतो." त्यांनी नळी थोडी वळवली. "आता आपण खडा आहे का बघू. मला भीती खड्याची होती."

नळीचा दिवा कोपऱ्याकोपऱ्यातून फिरला. गाळ जरा हलला आणि पुन्हा बसला. खडा नव्हता. कुठे गाठ नव्हती. मग डॉक्टरबाईंनी नळीचं टोक मागे, वर वळवलं. तिथे भिंतीत दोन बारीक चिरा होत्या, डोळे मिटल्यासारख्या. "या दोन बघा. हलू नका, बघत राहा."

कुणी हललं नाही. मग डावीकडची चीर उघडली आणि तिच्यातून एक छोटी धार उडाली. थोड्या वेळानं उजवीकडची.

"इथून वरची दोन्ही मूत्रपिंडं लघवी सोडतात. आपापलं काम करतायत बिचारी." डॉक्टरबाईंच्या आवाजात पहिल्यांदा मोकळेपणा आला. "वर काही बिघडलेलं दिसत नाही. मूत्राशयाला सूज आहे, जुनी आहे, पण बरी होणारी आहे."

उस्तादानं मोठ्यानं श्वास सोडला. नळीतूनच एक बारीक चिमटा आत गेला, सुजलेल्या भिंतीचा तांदळाएवढा तुकडा आणि थोडी लघवी तपासणीसाठी बाटल्यांत गेली. मग डॉक्टरबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वहीवरून नजर न काढता विचारलं, "पाणी किती पिते ही?"

"चार-पाच बादल्या सहज," उस्ताद अभिमानानं म्हणाला. "वर जाताना एक, टाकीपाशी एक..."

"तुम्ही नेत होतात तेव्हा. आता?"

उस्तादानं बायकोकडे पाहिलं.

"पहाटे अर्धी," वहिनी म्हणाली. "मग दुपारी घरी आल्यावर."

"मधे?"

"मधे नाही. मधे पाजलं की ती वाटेत मुतते. लोक बोलतात. थांबली की मी दोर ओढते." ती भराभर बोलायला लागली. "मला वाटलं सवय होईल. होते ना सवय? मलाही झाली. मीसुद्धा निघताना पाणी पीत नाही. सकाळी सहाला निघते ती दोनला घरी येते. वाटेत बाईमाणसानं जायचं कुठे? पुरुष काय, कुठल्याही भिंतीला उभे राहतात. मी धरून ठेवते. तिलाही येईल धरून ठेवता, असं वाटलं मला."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. रागावतील असं वहिनीला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "बाहेर पडल्यावर उजव्या हाताला बाथरूम आहे. आतून कडी आहे, पाणी आहे. आधी जाऊन या. मग बोलू."

वहिनी परत आली तेव्हा गाढवीच्या मूत्राशयात नळीनं पाणी सोडून गाळ धुऊन काढणं चाललं होतं. बादलीत मातकट पाणी पडत होतं. डॉक्टरबाई हात न थांबवता म्हणाल्या, "तुम्हाला जळजळ होते?"

"होते कधीकधी."

"कधीकधी म्हणजे?"

"रोज," वहिनी म्हणाली.

"मी नोकरीला लागले तेव्हा गावोगाव फिरायचे," डॉक्टरबाई म्हणाल्या. " दिवसभर गुरं तपासायची आणि धरून ठेवायचं. तिसऱ्या वर्षी थंडी भरून ताप आला, आठ दिवस दवाखान्यात पडले. हिच्यासाठी औषध मी देते. तुमच्यासाठी उद्या माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. उद्या म्हणजे उद्या."

घरी येताना मास्तरीण अजून पेंगुळलेली होती, म्हणून तिघं हळूहळू चालले. उस्ताद वहिनीच्या बरोबरीनं आला. मग म्हणाला, "दोन वर्षं?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? अहो, मला लघवीला लागते, हे?" वहिनीला हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. "तुम्ही अंथरुणात होतात. मग उठलात तेव्हा सवय होऊन गेली होती. आणि गाढवीचं म्हणाल, तर तुमच्या हातात ती धडधाकट होती. माझ्या हातात आजारी पडली. ते आधी सांगायचं की हे?"

"वीस वर्षं मी त्या पायऱ्या चढलो," उस्ताद म्हणाला, "आणि बाईनं जायचं कुठे, हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. मग कुणाच्या हातात काय बिघडलं ते मी कशाला बोलू?"

दुसऱ्या दिवशी वहिनी खरंच डॉक्टरकडे गेली. तिच्याही तपासणीत जंतू निघाले. चार दिवसांनी मास्तरणीचा अहवाल आला. भिंतीच्या तुकड्यात वाईट काही नव्हतं, आणि लघवीतल्या जंतूंवर कोणतं औषध चालेल तेही त्यात कळलं होतं. तीन आठवड्यांच्या गोळ्या, दहा दिवस पूर्ण विश्रांती, आणि पाणी मागेल तेव्हा. घरात औषधांच्या दोन पिशव्या झाल्या. उस्तादानं एकीवर मोठ्या अक्षरांत ‘मास्तरीण’ लिहिलं. "अदलाबदल झाली आणि तू सकाळी उठून कान ताठ करून ओरडायला लागलीस तर मी काय करू?"

विश्रांतीच्या पहिल्याच दिवशी वहिनी एकटीच पायऱ्या चढून गेली. आधी निळ्या दारापाशी. "माझी गाढवी आजारी पडली," तिनं सांगितलं. "मी तिला इथे थांबू दिलं नाही म्हणून. आता ती थांबणार. मी पाण्याचा डबा घेऊनच फिरेन, लगेच धुऊन टाकेन." बाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, "धुतलं म्हणजे झालं," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. त्यांच्या कपाळावरची आठी काही गेली नाही, पण दार आपटलं नाही हेही वहिनीनं पाहिलं.

मग ती वर, टाकीच्या खालच्या बांधकामावर गेली. तिथे चार बायका डोक्यावर पाट्या वाहत होत्या आणि मुकादम सावलीत बसला होता.

"वाळू कधी येणार?" तो म्हणाला.

"दहा दिवसांनी. पण इथे बायकांसाठी संडास झाला तर."

मुकादम हसला. "संडासाचा आणि वाळूचा काय संबंध?"

"मी वाळू आणते. मला लागतो. ह्या चौघींनाही लागतो, विचारा त्यांना."

पाट्या वाहणाऱ्या बायका थांबल्या होत्या. मुकादमानं दुसरं गाढव बघतो म्हणून सांगितलं. "बघा की," वहिनी म्हणाली आणि खाली उतरली. एवढ्या उंचीवर भरलेली गोण घेऊन येणारं दुसरं गाढव नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. नवव्या दिवशी पत्र्याचा एक आडोसा उभा राहिला. वहिनीनं आत जाऊन पाहिलं, बाहेर आली आणि म्हणाली, "आतून कडी नाही." संध्याकाळपर्यंत कडी बसली.

सहा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण. या वेळी वहिनीनं स्वतः मास्तरणीचं डोकं छातीशी धरलं आणि उस्ताद टीव्हीसमोर उभा राहिला. पडद्यावर ती खोली उघडली. भिंती फिकट गुलाबी, बारीक शिरांची जाळी, तळाशी थोडं धुरकट पाणी. एका बाजूला तळहाताएवढा लाल डाग अजून होता. डॉक्टरबाईंनी नळी त्याच्याजवळ नेली, निरखून पाहिलं.

"पुन्हा दोन आठवडे गोळ्या द्या," त्या म्हणाल्या. "हा जायला वेळ घेईल. पण जाईल." मग जरा घुटमळून, "ही चित्रं मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवू का? आधीची आणि आजची."

"दाखवा की," वहिनी म्हणाली. "पण त्यांना सांगाल काय?"

"आजार सांगेन, औषध सांगेन. आणि नळी आत घालायच्या आधी मालकाला त्याचा दिवस कसा जातो ते विचारा, असं सांगेन. मी ते उशिरा विचारलं. आल्याआल्या विचारायला हवं होतं."

बाहेर अंगणात मास्तरणीची गुंगी उतरेपर्यंत ते दोघं बाकावर बसले. उस्तादानं डबा उघडला. आताशा त्याच्या हाताला चव आली होती आणि त्याला ते माहीत होतं. निम्मं जेवण झाल्यावर तो म्हणाला, "माझ्या कमरेच्या डॉक्टरांना विचारलं मी. ओझं नाही, पण चाललेलं चालेल म्हणाले. टाकीपर्यंत नाही, निम्म्या वाटेपर्यंत येत जाईन."

"येऊन करणार काय?"

"दोर धरीन. तुला दहा मिनिटं बसता येईल."

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं, मग गाढवीकडे. मास्तरणीनं डोकं वर उचललं होतं. अंगणातून एक माणूस सायकल ढकलत चालला होता. तिनं त्याच्यावर नजर रोखली, आणि तो बिचारा काही चूक नसताना बाजूला झाला.

"आली वाटतं शुद्धीवर," वहिनी म्हणाली आणि दोर सोडवायला उठली.